अकराशे त्र्याहत्तरची हजेरी

सोमवार, १६ सप्टेंबर २००२

लागली एकदाची नोकरी! सटाण्याहून निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि बजावलं, तुनी जीभ लई तिखी शे, ती घरमाच ठेव. जीभ घरी ठेवली तर बोलायचं कशाने, असं मी म्हणणार होते, पण तेवढ्यात एस.टी. सुटली.

मावशीचं घर सिडकोत, कंपनी अंबडला. लुनावर दहा मिनिटं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मावशी ही डायरी वाचणार याची मला खात्री आहे आणि मावशीला कळलं की सगळ्या सिडकोला कळतं. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात एवढं पुरे. खाली प्रेस शॉप, वर आमचं कॉम्प्युटर खातं. खाली प्रेस आदळली की वर चहाचा कप थरथरतो. मला मजा वाटली.

खात्यात दोनच माणसं, दीपक सर आणि मी. दीपक सर खिशात कंगवा ठेवतात आणि दर तासाला वापरतात. नोव्हेंबरमध्ये आयएसओवाले तपासणीला येणार, त्यांना प्रत्येक कामाची लेखी पद्धत दाखवावी लागते. बॅकअप कसा घ्यायचा, परत कसा चढवायचा आणि त्यात चुका कुठे होतात, हे सगळं मी लिहून काढायचं. म्हणाले, मुलींचं अक्षर चांगलं असतं. आता हे टाइप करायचं आहे, अक्षराचा काय संबंध? पण पहिला दिवस होता, हो म्हटलं.

टाइम ऑफिसात कारभारी अण्णांनी कार्ड करून दिलं. नंबर कॉम्प्युटर आपोआप देतो. मला ११७३ मिळाला. मंदीमुळे वर्षभर नवी भरतीच नव्हती, वर्षातली पहिली मीच. अण्णा कार्ड हातात धरून उभेच राहिले, मग दीपक सरांना विचारलं की दुसरा नंबर देता येईल का. सर त्यांच्यावर खेकसले. फोटोत मी चक्क हसते आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज कामाचं स्वरूप कळलं. कामगारांची माहिती तीन याद्यांमध्ये आहे. पहिलीत नाव, गाव, कार्ड नंबर. दुसरीत रोजची हजेरी. तिसरीत प्रथमोपचार, म्हणजे कुणाला काय लागलं आणि किती वाजता. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत नाव नसतंच, नुसता नंबर. नाव हवं तर पहिलीत बघायचं.

रोज या सगळ्याची टेपवर नक्कल व्हायला हवी. दीपक सर मात्र लागेल तेवढंच घेतात. कधी नुसती नावं, कधी नुसती हजेरी. वेळ वाचतो, टेप वाचते, असं त्यांचं म्हणणं. वाचलेल्या वेळात भांग पाडतात.

मी लिहिलं: धोका पहिला. एकच यादी जुन्या टेपवरून परत चढवली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, तर त्यांचा मेळ राहत नाही. हजेरी राहते, माणूस नाहीसा होतो. सरांनी शेवटचं वाक्य लाल पेनने खोडलं. म्हणाले, कथा लिहायला नाही ठेवलं तुम्हाला. खोडा बापडे, मी उद्या परत लिहीन.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. सहज म्हणून माझ्याच हजेरीचा कागद छापला, तर गेल्या सप्टेंबरपासून मी इथे कामाला आहे! आधीच्या वर्षातले छत्तीस दिवस भरलेत माझे. तेव्हा मी सटाण्यात डिप्लोमाची परीक्षा देत होते. शेवटचा दिवस २६ ऑक्टोबर २००१. आत आल्याची वेळ ८:०४. बाहेर गेल्याची वेळ नाही.

सरांना कागद दाखवला. त्यांनी तो चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि जुन्यात नाक खुपसायचं नाही म्हणाले. मग तर मी खुपसणारच. दुपारी सर जेवायला गेले तेव्हा सर्व्हरवरची कामांची नोंद पाहिली. २७ ऑक्टोबरला नावांची यादी, फक्त नावांची, ऑगस्टच्या टेपवरून परत चढवलेली आहे. ऑगस्टनंतर लागलेला शेवटचा माणूस त्यामुळे यादीतून गेला. त्याची हजेरी मागे राहिली. वर्षाने मी आले, यंत्राने शेवटचा नंबर बघितला आणि त्याचाच नंबर मला देऊन टाकला.

धोका दुसरा लिहिला: गेलेल्याच्या नोंदी नव्याला चिकटतात. स्वतःचंच उदाहरण सापडलं म्हणून खूश झाले. आता वाटतं, ते हसू जरा जास्तच झालं.

शनिवार, २८ सप्टेंबर

गेटसमोर बाभळीखाली एक बाई बसलेली असते. दर शनिवारी. आज लुना बंद पडली म्हणून मी तिच्याशेजारी टेकले. नाव भागीबाई मौळे, हरसूलच्या वरच्या पाड्यावरची. माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत राहिली. वाचता येत नाही, पण आकडे ओळखते. म्हणाली, ताई, ह्यो आमच्या मानसाचा लंबर हाय.

तिचा नवरा झिपरू. भात लावणी झाली की कामाला बाहेर पडायचा, गेल्या वर्षी इथे लागला. दसऱ्याला कामावर म्हणून आला आणि संध्याकाळी हायवेच्या कडेला सापडला. ट्रकने उडवला, प्यायलेला होता, असं कागदावर आलं. कंपनीने सांगितलं की या नावाचा माणूस आमच्याकडे नाहीच, कॉम्प्युटरात बघा. बघितलं, नव्हता. आता गावात सगळे म्हणतात दारूत गेला, पोरांना शाळेत चिडवतात. ती सांगते, माझ्या मानसानं दारूला कधी हात नाय लावला. तिला एकच हवंय. त्याचं नाव होतं तिथे परत लिहा आणि तो इथे काम करता करता मेला असं लिहून द्या.

मी बघते म्हणाले. म्हणताना खरंच बघणार होते.

सोमवार, ७ ऑक्टोबर, घटस्थापना

टेप काढताना झाकणात डावा अंगठा चिरला. रक्त थांबेना. घड्याळ पाहिलं, १०:२०. खाली जाऊन पट्टी बांधली, अण्णांनी वहीत लिहिलं. वर येऊन तेच कॉम्प्युटरात भरायला बसले तर नोंद आधीच होती. ११७३, डावा अंगठा, १०:२०. तारीख १७ ऑक्टोबर २००१.

मावशीकडचं जुनं कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षी घटस्थापना सतरा ऑक्टोबरलाच होती.

त्याच्या आणखी दोन नोंदी आहेत. पाचव्या माळेला उजवा कान. दसऱ्याला ११:४०, आणि पुढे काय लागलं ते लिहिलेलंच नाही.

योगायोग असतात. असतातच.

बुधवार, ९ ऑक्टोबर

मावशीने पोळी आणि गिलक्याची भाजी दिली होती, मी स्वतः डबा भरला. जेवायला उघडला तर नागलीची भाकरी आणि वाटलेली मिरची. डबा माझाच, झाकणावर माझं नाव कोरलेलं.

डबा घेऊन तशीच अण्णांकडे गेले. त्यांनी भाकरी पाहिली आणि हातातली वही मिटली. मग सगळं बोलले. दसऱ्याला इथे मशीनची पूजा होते आणि पूजा झालेलं मशीन त्या दिवशी कुणी चालवत नाही, अंबडमध्ये कुठेही नाही. पण गेल्या वर्षी ट्रक दारात उभा होता. जुन्या कामगारांनी हात जोडून नाही म्हटलं. दीपक सर मालकांचे भाचे, माल वेळेत पाठवायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतलेली. त्यांनी सगळ्यात नव्या माणसाला बोलावलं, माइकवरून, नंबरने. झेंडूची माळ, कुंकू, सगळं तसंच असताना प्रेस चालवली. बटण स्वतः दीपक सरांनी दाबलं. माळ अडकली, झिपरू ती काढायला वाकला.

मग टेम्पो, मग हायवे. दुसऱ्या दिवशी सरांनी नावांची यादी जुनी केली. अण्णा म्हणाले, पोरी, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? मी विचारलं, मग वर्षभर तुम्ही काय करत होता? ते नोकरीची तीन वर्षं राहिलीत म्हणाले.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर, पाचवी माळ

उजव्या कानाने ऐकू येत नाही. सकाळी खाली प्रेस आदळली आणि कानात काहीतरी फुटलं. आता त्या कानात फक्त प्रेस वाजते. प्रेस बंद असतानाही.

सरांकडे नवा नंबर मागितला. एक कार्ड, एक ओळ, पाच मिनिटांचं काम. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, बिरारी मॅडमना भूत लागलंय, लिंबू-बिंबू उतरवा यांच्यावरून. सगळे हसले. मी झिपरू मौळे हे नाव घेतलं. हसणं थांबलं. सरांनी मला केबिनमध्ये नेऊन दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, जंगलातलं माणूस, एक ओळ तर होती. एका ओळीसाठी कंपनी बंद करू? तू दुसरी ओळ आहेस, लक्षात ठेव.

एक ओळ! मेल्या, भांग पाडतोस काय, तुझी ती टाळकी दगडाने सरळ करावी असं वाटलं. रात्रभर दात-ओठ खात पडले. मला असं कधी कुणी बोललेलं नाही. याला मी सोडणार नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसऱ्याचं पूजेचं सामान काढायला सांगितलं होतं. लोखंडी कपाटातली पेटी उघडली. समई, सुपारी, कुंकवाची पुडी आणि एक टेप. गेल्या वर्षी कॉम्प्युटरबरोबर तिचीही पूजा झाली असणार. पूजेतली वस्तू परत वापरायची नाही म्हणून कुणीतरी पेटीत ठेवून दिली. चिठ्ठीवर अण्णांचं अक्षर, सर नसले की टेप तेच घेतात: २५ ऑक्टोबर २००१, संपूर्ण.

संपूर्ण! अर्धवट नाही. लावून पाहिली. नावांची यादी, शेवटची ओळ: ११७३, झिपरू लहानू मौळे. हरसूल. पत्रा विभाग.

सगळं परत चढवायला दीड तास. त्याचं नाव त्याच्या जागी बसेल, नंबर त्याचा त्याला जाईल, मी सुटेन.

भागीबाई गेटवर होती. मंगळवारी वर्ष होतंय, दिवस घालायचाय, त्याच्या आत नाव मिळालं तर बरं, म्हणाली. टेप माझ्या पर्समध्ये होती.

मी म्हणाले, दसऱ्यानंतर.

का? तर मला नुसतं सुटायचं नाहीये. मी सुटले की दीपकही सुटतो. नाव परत आलं तर चौकशी, वकील, मालकांची ओळख, आणि हा भांग पाडत फिरेल. ११७३ ला दसऱ्याला ११:४० ला काय होतं ते मला माहीत आहे. तो नंबर त्याला देते. झिपरूचं काम झिपरू करील. नाव काय, परवाही देता येईल.

सोमवार, १४ ऑक्टोबर

केलं. यादीतल्या दोन ओळी फिरवल्या. दीपक सरांपुढे ११७३. माझ्यापुढे ११७४. दहा सेकंद लागली.

तो मागे उभा राहून विचारत होता, आयएसओचं कुठवर आलं. म्हटलं, होतंय सर, उद्यापर्यंत.

घरी येऊन पुरणाचं जेवले. दोनदा वाढून घेतलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर, दसरा

८:३०. सुट्टीच घेणार होते. पण मला बघायचं होतं. कार्ड मावशीच्या देव्हाऱ्यात ठेवून आले, गेटवर सही केली. भागीबाई बाभळीखाली आहे. नवं लुगडं. माझ्याकडे बघितलं नाही.

९:४०. पूजा झाली. प्रेसला माळ, सर्व्हरला माळ. मालक गेले.

१०:०५. ट्रक आलाय. यंदाही. खाली वाद चाललाय. कुणी मशीनला हात लावायला तयार नाही. दीपक सर ओरडतायत, तुमच्या बापाची कंपनी आहे का. स्वतःच चालवतो म्हणतायत. चालव. चालव रे.

१०:१५. एकदाच आदळली.

१०:२५. मी जिन्यावरून पाहिलं. शर्टाची बाही माळेत अडकलेली. कंगवा बाजूला पडलाय. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. बरं झालं. लिहून ठेवते, बरं झालं. तू एक ओळ होतास दीपक सर, एक —

१०:३५. पण ११:४० ला व्हायचं होतं ना?

१०:४०. हजेरी उघडली. कार्ड ९, बाहेर १०:१५. नऊ हा त्याचा जुना नंबर. यादी मी बदलली, कार्ड त्याच्या गळ्यात तेच होतं. तो ११७३ म्हणून गेला नाही. तो दीपक म्हणून गेला. माझी मदत लागलीच नाही.

मग ११७३?

११७३. आत ८:०४. बाहेर — रिकामं.

१०:४५. कार्ड पर्समध्ये आहे. देव्हाऱ्यातलं कुंकू लागलेलं. मी आणलं नाही. मी नाही आणलं.

१०:५०. मी काय केलं. एकच यादी फिरवली, हजेरी तशीच, प्रथमोपचार तसाच, कार्ड तसंच. दीपकने केलं तेच. टेप हातात होती. शनिवारपासून होती. ती बाई मागत होती आणि मी तिच्या नवऱ्याचा नंबर दगडासारखा उचलला, दुसऱ्याला मारायला. त्याला काय फरक, दीपकने पुसलं की मी —

१०:५५. टेप लावली. संपूर्ण. दीड तास दाखवतंय. पन्नासही मिनिटं नाहीत. चाल ना. चाल गं बाई.

११:१०. सोळा टक्के. खाली पोलीस आलेत. प्रेसची वायर काढलीय म्हणतात. मग हे काय वाजतंय? उजव्या कानात नाही. दोन्ही कानांत.

११:१८. माइक लागला. खाली माइकपाशी कुणी नाही, इथून दिसतंय. नंबर पुकारतायत. अकराशे त्र्याहत्तर, प्रेसवर या. दीपकचाच आवाज. त्याला आता हेच काम दिलंय वाटतं.

११:२४. दार आतून लावलं. टेबल लावलं. कप थरथरतोय.

११:२९. तेहतीस टक्के. पुरणार नाही.

भागीबाईला हाका मारल्या खिडकीतून. माफ कर म्हणाले. वर बघितलं तिने. मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून — गेटच्या आत आली नाही.

११:३३. पाय माझे नाहीत. उठून उभी राहिलेय. बसते आणि परत उभी राहते. खुर्चीला ओढणीने बांधलं. उजवा हात प्रेसकडे ओढतोय, जमिनीतून, खाली. डाव्याने लिहितेय.

झिपरूभाऊ, मी देते नाव. आज देते. आत्ता.

११:३६. टेप थांबली. अडतीस टक्के. नावांची यादी आलीच नाही अजून. नाही थांबत मी त्या टेपसाठी. हातानेच लिहिते. ही डायरी ज्याला सापडेल त्याने गेटसमोरच्या बाईला द्यावी, तिला वाचून दाखवावी, गावात सगळ्यांसमोर —

११:३८. पुकारतायत. जवळून.

लिहिते. नाव झिपरू लहानू मौळे. राहणार हरसूल. पत्रा विभाग. कार्ड ११७३, हे त्याचं, माझं नाही. शुक्रवार, २६ ऑक्टोबर २००१, दसरा. आत ८:०४. दारू प्यायलेला नव्हता. ट्रकखाली गेला नाही. दीपक सरांनी पूजेच्या प्रेसवर लावला, त्यांनीच बटण दाबलं, आणि मला गेल्या बुधवारपासून माहीत होतं, मी लपवलं, हेही लिहा. प्रेसवर, काम करता करता, सकाळी ११:४० वाजता तो मे